जंक्शनवरचा डबा

अप्पा, तुमच्या पणतीचं लग्न ठरलं, आणि ते तुम्ही सांगितलेल्या एका इंग्रजी शब्दानं ठरलं, म्हणून लिहायला बसले. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच.

दाजीबानपेठेतलं कापडदुकान बंद करून तुम्ही मला हुबळीच्या ठेसनावर गाड्या बघायला न्यायचा. एकदा पाटीवरचा शेवटचा शब्द मी विचारला. तुम्ही म्हणालात, "जंक्शन. वाटा मिळतात ती जागा." मी म्हटलं, "मग धारवाडला पण गाडी थांबते की!" "थांबणं वेगळं पोरी, मिळणं वेगळं. इथं गदगची गाडी येते, बेंगळूरची येते, पुण्याची येते. कुणी कुणाच्या दारात जात नाही, तरी भेट होते." माझं निम्मं लक्ष शेंगांच्या पुडीकडं, पण शब्द राहिला.

तर माझ्या नातीनं धारवाडचा कानडी मुलगा पसंत केला. गुणी आहे हो, हसतो छान. पण आमचे चिरंजीव अडून बसले, "मुलाकडच्यांनी आधी बघायला यावं, रीत आहे." तिकडून निरोप, मुलीच्या वडिलांनी आधी येऊन विचारावं, आमची रीत आहे. कुणी हलेना. पोर नीट जेवेना. मी म्हटलं, हे लग्न मी लावणारच. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मुलाच्या आजीला फोन लावला, कानडीत सांगितलं, "तुमचं घर नको, आमचं नको, जंक्शनवर या."

चिरंजीव ओरडले, "आई, प्लॅटफॉर्मवर सोयरीक? लोक काय म्हणतील?"

"लोक गाडीत असतात रे, निघून जातात."

आले की सगळे! त्या आजी "कूडर्री अक्का", बसा ताई, म्हणत बाकावर सरकल्या. त्यांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, माझे धपाटे. दोन्ही बाप दोन टोकांना तोंड फिरवून उभे. मग चटणी लागली तिखट, आणि दोघं एकाच नळावर गेले. परत आले ते बोलत.

उठताना माझा पितळी डबा त्यांच्या पिशवीत राहिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे तर मराठी-कानडी दोन्ही घरांत सारखं. रविवारी ती मंडळी शेंगदाण्याचे लाडू भरून डबा द्यायला आमच्या घरी आली, आणि तिथंच सुपारी फुटली.

हे पत्र टाकणार कुठं? त्याच डब्यात ठेवते. घरात सगळे हसतात, म्हातारी विसरभोळी झाली, डबा सोडून आली म्हणून. हसू देत. तुम्हाला तेवढं सांगते, अप्पा, त्या पिशवीचं तोंड मीच बांधलं होतं.