क्लॅरेट जगवरचं नाव

बाबा, तुमच्या चांदीच्या क्लॅरेट जगमधून आई सध्या कढीपत्त्याला पाणी घालते. हे तुम्हाला मुद्दाम कळवतेय. टेबलावर लाल वाइन वाढण्यासाठी इंग्लंडात कधीकाळी घडवलेलं ते भांडं, ज्याला कुणी नुसतं जग म्हटलं तरी तुम्ही समोरच्याला थांबवून दुरुस्त करायचात, ते आता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या फ्रिस्कोमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात सिंकशेजारी उभं असतं. झाकणाची बिजागरी तुटली, ते झाकण कुठल्याशा ड्रॉवरमध्ये पडलंय. आईला त्याची चोच आवडते, मुळाशी धार नीट पडते म्हणते. हे मी मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही आधी त्यातल्या चुका काढल्या असत्यात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती धास्ती काही गेलेली नाही.

तुम्ही खामगावचे. ज्या गावची चांदी घ्यायला लोक लांबून येतात, त्या गावात तुम्ही जन्मलात, वाढलात, लग्नही तिथेच केलंत. आईला आहेरात ताट, वाट्या, फुलपात्रं, तांब्या असं सगळं चांदीचं आलं होतं आणि प्रत्येकावर तिचं नाव घातलेलं होतं. शिकागोजवळच्या आपल्या घरात ते सगळं जुन्या चादरीत बांधून बेसमेंटमध्ये, हीटरच्या मागे. वर डायनिंग रूममधल्या काचेच्या कपाटात मात्र इंग्रजांची चांदी. बाटलीखाली ठेवायच्या जाळीदार तबकड्या, बाटलीच्या गळ्यात अडकवायच्या साखळीच्या पाट्या, वाकड्या चोचीचं नरसाळं, आणि मधोमध हा जग. त्याच्या पोटावर एका बाजूला कुठल्यातरी जनावराचा पंजा कोरलेला होता, पंजात डहाळी. तुम्ही पाहुण्यांना तो बोटाने दाखवायचात आणि हलक्या आवाजात म्हणायचात, "क्रेस्ट. फॅमिलीचं चिन्ह." कुठली फॅमिली, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. तुम्हाला त्यांचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, पण त्यांच्या पंजाचा अभिमान तुम्हाला स्वतःच्या बापापेक्षा जास्त होता.

मला ते शनिवार आठवतात. मी आणि आई भारतातून तुमच्याकडे येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून तांदूळ, डाळी, मेथीच्या जुड्या, आंब्याच्या रसाचे डबे घ्यायचे आणि परतताना तुमच्या लाडक्या ॲन्टिकच्या दुकानात थांबायचं. गाडी तुम्ही दुकानापासून लांब लावता. आई गाडीतच बसून राहते, तसा नियमच आहे. मला बरोबर नेता, कारण माझं इंग्रजी सुधारायला हवं, पण आत शिरण्याआधी कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर हात धुवायला लावता. "मेथीचा वास येतोय तुझ्या हाताला." दुकानाचं दार उघडलं की तुमचा आवाजच बदलतो. घरी शेंबडा वाटणारा तो आवाज तिथे खोल होतो, शब्द लांबतात, मान एका बाजूला कलते. दुकानातली बाई तुम्हाला भांड्याच्या बुडाशी असलेला, चांदी अस्सल असल्याचा सिंहाचा शिक्का भिंगातून दाखवते आणि तुम्ही देवाच्या पायांवर वाकावं तसे वाकता. मी बाजूला उभी राहून हाताचा वास घेत असते. साबणातूनही मेथी येतच असते.

आणि वाइन तर तुम्हाला आवडतही नव्हती. पहिल्या घोटाला तुमचा चेहरा काढा प्यायल्यासारखा व्हायचा, ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. शिवाय ती वाइन कुठली? सुपरमार्केटमधली गॅलनची बाटली, काचेचा कान असलेली, गराजमध्ये बर्फावर टाकायच्या मिठाच्या पोत्यामागे लपवलेली. पाहुणे यायच्या आधी आईने ती स्वयंपाकघरात चांदीच्या नरसाळ्यातून जगमध्ये ओतायची आणि रिकामी बाटली पुन्हा गराजमध्ये. मग तुम्ही टेबलाशी गंभीर चेहऱ्याने सांगायचात, हिला जरा श्वास घेऊ द्यावा लागतो. तुम्ही हॉस्पिटलात भूल द्यायचात. घरी आल्यावरही तुमची ती सवय सुटत नव्हती.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे भांडं घराबाहेर गेलं की त्यावर नाव हवं, एवढं साधं आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला, दिवाळीला पातेली, कढया, डबे सगळ्यांचे एकत्र व्हायचे आणि शाळेच्या कॅफेटेरियात जेवणं उरकल्यावर कोणाचं काय ते कळायचं नाही. तेव्हा तिथल्या आपल्या गावच्या पोलीस स्टेशनात कोरायचं इलेक्ट्रिक पेन उसनं मिळायचं. चोऱ्या होतात म्हणून लोक टीव्हीवर आणि स्टिरिओवर लायसन्सचा नंबर कोरायचे. आईने ते आणलं आणि आठवडाभर घरात भुंग्यासारखा आवाज चालला. कुकर, परात, इस्त्री, काही सोडलं नाही. त्या वर्षीच्या मंडळाच्या दिवाळीला, मुंबईहून आलेल्या कुणा पाहुण्यांसमोर मिरवायला, जग न्यायची हौस तुमचीच होती. तिथे त्यात कोकम सरबत भरलं गेलं, दिसायला अगदी क्लॅरेट. आईने आदल्या दिवशी, बाहेर जाणारं भांडं म्हणून, पंजाच्या बरोबर मागच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांच्या मराठी अक्षरांत नाव घातलं. तिचं नाव, मग तुमचं, मग आडनाव. आई तुमचं नाव तोंडाने कधी घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण भांड्यांवर ते न चुकता मधोमध असायचं.

तुम्हाला ते लगेच दिसलंच नाही, कारण तुम्ही पंजाच्या बाजूने पाहत होतात. दिसलं ते हिवाळ्यात, तुमच्या डिपार्टमेंटचे चीफ आणि त्यांची बायको जेवायला यायचे होते त्या संध्याकाळी. चीफ निवृत्त होणार होते आणि ती जागा तुम्हाला हवी होती. तुम्ही जग पुसायला घेतलात, फिरवलात आणि तसेच उभे राहिलात. मी टेबलावर नॅपकिन लावत होते.

"हे काय केलंस?"

"नाव घातलंय," आई म्हणाली. "मंडळात न्यायचं होतं ना. हरवलं असतं."

"हे भांडं नाहीये."

"मग काय आहे?"

"ॲन्टिक पीस आहे. याच्यावर कुणी काही कोरत नाही, अंडरस्टँड?"

आईने जग तुमच्या हातातून घेतला, शांतपणे फिरवला आणि पंजावर बोट ठेवलं. "मग हे कुणी कोरलं? त्यांनी त्यांचं नावच घातलंय ना हे?"

"तो क्रेस्ट आहे. दॅट्स डिफरंट."

"डिफरंट कसं?"

तेवढ्यात बेल वाजली आणि तुम्ही जग पंजा पुढे करून ठेवलात, आईचं नाव भिंतीकडे.

पण चीफच्या बायकोने वाइन स्वतःच्या हाताने घेतली. जग उचलला, वाइन ओतली आणि जग खाली ठेवताना तिला अक्षरं दिसली. चांगली बाई होती, खरंच कुतूहलाने विचारत होती. हे हिंदी आहे का? काय लिहिलंय? तुम्ही खिशातून चष्मा काढलात. तो चष्मा मी विसरलेले नाही. डोळ्यांवर चढवलात, जग जवळ घेतलात, कपाळाला आठ्या घातल्यात आणि म्हणालात, एखाद्या कर्नलबरोबर हे भांडं इंडियात गेलं असणार, तिथल्या कुणा नोकराने खरवडून ठेवलं असेल. "लाँग टाइम अगो. आय कान्ट मेक इट आउट." आई पुलावाचं भांडं घेऊन तुमच्या खुर्चीमागे उभी होती. तेवढं इंग्रजी तिला तेव्हा येत होतं. चीफच्या बायकोने मग तिच्याकडे वळून विचारलं, तुम्हाला वाचता येतं का. आईने तुमच्याकडे पाहिलंही नाही. तिने स्वतःच्या नावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नो. व्हेरी ओल्ड." आणि पुलाव वाढला.

मला त्या क्षणी तुमची किळस आली. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही. बायकोला तिच्याच टेबलाशी नोकर करून टाकलंत, आणि तेही कशासाठी, गॅलनची वाइन पिणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसमोर. शिवाय जे नाव तुम्हाला वाचता येत नव्हतं त्यात तुमचंही नाव होतं. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला मराठी वाचता येत नाही?" तुम्ही टाय सोडत म्हणालात, "तुला नाही कळायचं. धिस इज हाऊ इट वर्क्स हिअर." आई आत भांडी घासत होती, नेहमीपेक्षा सावकाश.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही जग दुरुस्तीला दिलात. तिथल्या माणसाने सांगितलं होतं की अक्षरं खोल आहेत, घासून काढली तर तिथला पत्रा पातळ होईल आणि ॲन्टिक म्हणून त्याची किंमत जाईल. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. ज्या किमतीसाठी एवढा तमाशा केलात तीसुद्धा चालली तुम्हाला, फक्त नाव नको. जग परत आला तेव्हा पंजा जिथल्या तिथे होता आणि मागे एक उथळ खळगा. चीफच्या जागी अखेर दुसराच माणूस आला. त्याच्या घरी म्हणे कागदी प्लेटांत जेवायला द्यायचे. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं. आईने पेन पोलीस स्टेशनला परत केलं आणि त्यानंतर एकाही भांड्यावर नाव घातलं नाही. मंडळात तिची दोन मोठी पातेली गेली, ती परत आली नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायची, "जाऊ द्या काकू, कुठे ओळखायची आता."

ती आता माझ्याकडे असते. बेसमेंटमधली तिची चांदी वर आली, आम्ही रोज त्या वाट्यांतून आमटी खातो. तुमच्या तबकड्या आणि पाट्या मी विकून टाकल्या. जग विकला गेला नाही, खळग्यामुळे कुणी घेईना. म्हणून कढीपत्त्याच्या कामाला लागला.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. इथे ऑगस्टमध्ये ऊन इतकं कडक की नळाला गार पाणी येतच नाही. आई म्हणाली, "त्याला कढत पाणी घालू नकोस गं, मरेल." म्हणून मी फ्रिजमधलं पाणी जगमध्ये ओतलं आणि फोन आला तो घ्यायला गेले. परत आले तर जगला बाहेरून दव सुटलं होतं, आणि खळग्यावर, त्या दवात, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उभी होती. पुसट, पण सगळी. तुम्ही पैसे मोजून घासून काढलेली. मी आईला हाक मारली. तिला आता बारीक दिसत नाही.

"काय आहे?"

"तू घातलेलं नाव."

"सगळं आहे?"

"सगळं आहे."

"वाच मग," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

मी तिचं नाव वाचलं. पुढचं गाळणार होते. तिला दिसत नव्हतं, आणि ज्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही त्याचं मी कशाला वाचू? मी थांबले. आई मान किंचित पुढे करून ऐकत राहिली होती. मग मी तुमचं नाव वाचलं, आणि आडनाव. "हं," आई म्हणाली, "बरोबर आहे." जग उचलून तिने पदरानेच पुसला आणि खिडकीशी गेली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यापासून मी तुमचं नाव मोठ्यांदा घेतलं नव्हतं, आणि त्या दिवशी घेताना माझा आवाज हलला. आईच्या ते लक्षात आलं असणार. पण ती झाडाला पाणी घालत राहिली.