पाचव्या दिवसाची हाक

७ मार्च

पहाटे पावणेसहाला जाग आली ती उजेडानं. कोपऱ्यात कॉम्प्युटर झाकून ठेवलेला (टायपिंग इन्स्टिट्यूटची सवय, मशीन उघडं ठेवायचं नाही) आणि कापडाखालून निळसर उजेड. पंखा घरघरतोय.
सोमवारी मी स्वतः बंद केला होता. हातानं. दिवा गेलेला पाहिला होता.
कापड उचलायचं धाडस झालं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. चहा करून आलो, पेपर चाळला, तोवर आपोआप बंद झालेला.

८ मार्च

दांडगे फाटकाशी भेटला. शेंद्र्याकडची जमीन एमआयडीसीत गेल्यावर इथं शेजारी घर बांधलं त्यानं, तेव्हापासून प्रत्येक बाबतीत सल्ला देणं हे कर्तव्य समजतो. म्हणाला, "करंट वर-खाली व्हतोय, सर. आमचा टीव्हीबी असाच पेटतुय मधीच. भिंतीवरचं बटनच बंद ठिवा."
ठेवलं. मृणालला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पुण्याला या परत." दोन महिने राहून १ तारखेला तर आलो. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून किती दिवस राहायचं.

१२ मार्च

भिंतीवरचा खटका बंद. आज काही पेटलं नाही. तरी पाचलाच जागा होतो, कोपऱ्याकडे बघत.

१३ मार्च

पाणी आलं. आठव्या दिवशी. दांडगे फाटकाच्या पाइपावर पाना वाजवतो तेव्हा मला कळतं. उजवा कान गेल्यापासून डाव्या कुशीवर झोपलो की जग बंद. बायको असताना, सु. असताना, उठवायला तिचा हात खांद्यावर यायचा.
पहिली दहा मिनिटं गढूळ. ते सोडून द्यायचं, मग हौदाचा कॉक उघडायचा. पाऊण तास मिळालं.

१४ मार्च

खटका चालू करून मशीन लावलं, मृणालनं पाठवलेले फोटो बघायला. व्यवस्थित चाललं. आवाज मात्र नाही, तिनं नातीचा एक व्हिडिओ पाठवलाय, नात नुसते ओठ हलवते. होता कधी आवाज? आठवत नाही. मी या यंत्रावर पत्ते आणि पेपर याशिवाय काय करतो.
घरात विंडोजच्या जागी लिनक्स आणलं सु.नं. कॉलेजच्या लॅबमध्ये ती असिस्टंट, तिथून शिकून आली. त्या वर्षी व्हायरसनं इन्स्टिट्यूटचे सगळे पेपर खाल्ले होते. महिनाभर मी फुरंगटून बसलो होतो. म्हणायची, "बोटांना सवय होईल हो. तोंडाला वेळ लागेल."
भिंतीवरचा खटका बंद करायचा विसरलो.

१७ मार्च

पुन्हा. पावणेसहा. या वेळी कापड उचललं. काळी चौकट, तीत अक्षरं. चष्मा शोधताना हात कीबोर्डवर पडला, चौकट गेली.
भीती वाटली. सरळ लिहितो, भीती वाटली. आणि भीतीच्या खाली दुसरंही काही होतं, त्याला आशा म्हणायची तर माणूस वेडा ठरतो.

१८ मार्च

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून औरंगपुऱ्यात शकीलभाईकडे. कधीकाळी माझ्याकडे टायपिंग शिकला, त्यामुळे त्याच्या दुकानात मला खुर्ची मिळते.
त्यानं उघडलं, धूळ उडवली, चालू करायचं बटण अडकतंय का पाहिलं, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. घड्याळाचा सेल मरायला आला होता, तो नवा टाकला. मग कीबोर्डवर काहीतरी मारलं आणि एक यादी काढली, मशीन कधी कधी चालू झालं त्याची.
"देखो सर. दो तारीख, सात तारीख, सतरा तारीख. पावणेछे बजे. जनवरी-फरवरी में भी वैसाच. बारा को क्या हुआ?"
म्हटलं, बारा तारखेला मी भिंतीवरून बंद ठेवलं होतं.
"हां. मतलब हर पाँचवे दिन. मशीन में कुछ नै है. भूत कू कायका कैलेंडर? किसी ने टाइम डाल के रखा. घंटे भर में बंद होने का भी डाल के रखा. जिसने डाला, उसी कू पूछो."
बोलून गेला आणि मग त्यालाच आठवलं. सु.च्या तेराव्याला तो येऊन गेला होता. चहा मागवला त्यानं.

१९ मार्च

सु.ची लांब वही काढली. कमांड, त्यापुढे मराठीत काय होतं ते. तिचं बारीक अक्षर. मध्येच मला टोमणे. 'प्रिंटर छापत नसेल तर आधी वायर लावली आहे का पाहणे. (हे तुम्हाला.)'
शेवटून तिसऱ्या पानावर 'पाणी'. फाइल कुठे आहे ते लिहिलेलं. उघडली.
जुनी फाइल. गेली कित्येक वर्षं ती पाण्याच्या पाळीची नोंद ठेवत होती, मला पत्ता नाही. नवी संख्या आली की जुनी खोडायची नाही, खाली लिहायची:
२ – एक दिवसाआड.
३ – बायपासपलीकडच्या वसाहतींना लाइन दिली.
४ – धरण मृतसाठ्यावर.
५ – पाऊस नाही. हौद धुऊन घेणे.
त्याखाली नवीन मजकूर, कमांडचा. अर्धा कळला. शेवटच्या आकड्याइतके दिवस मोजायचे, त्या दिवशी पहाटे मशीनला जागं करायचं, पुढची तारीख लावून ठेवायची, तासाभरानं बंद व्हायचं.
तीच. दुसरं कोण. आता पाणी आठव्या दिवशी येतं आणि मशीन अजून पाचावरच आहे. ती असतानाच्या शहरात.

२० मार्च

लिहून टाकतो. इतके महिने टाळलं.
दिवाळीनंतर ती पहिल्यांदा दवाखान्यात होती, आठ दिवस. गुरुवारी घरी सोडणार होते आणि गुरुवारीच पाण्याची पाळी. बुधवारी रात्री मी घरी आलो ते फक्त त्यासाठी. आणि झोपून राहिलो. डाव्या कुशीवर. दांडगे तेव्हा गावी गेला होता.
ती आली. म्हणाली, आधी अंघोळ, अंगाला दवाखान्याचा वास येतोय. हौदात खडखडाट. पलीकडच्या गल्लीतून मी अर्धी बादली मागून आणली. तेवढ्यात तिनं आवरलं. केस न धुता बांधले. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
पुढचे दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून होती. पत्ते खेळत असेल समजलो. माझ्या उशीवरच्या फळीवर एक स्पीकर आणून ठेवला, लांब वायर ओढून, डाव्या कुशीवर झोपलो तरी कानात जाईल असा. गाण्यांसाठी असेल समजलो. "काय ते नंतर दाखवते," म्हणाली होती.
मधल्या दोन पाळ्यांना ती आधीच उठून कॉम्प्युटरशी बसलेली असायची आणि मला हातानंच उठवायची. बारा दिवसांनी पुन्हा नेली. परत आली नाही.

२२ मार्च

साडेपाचपासून समोर बसलो. पावणेसहाला डबा घरघरला. ५.५० ला काळी चौकट:
पहिली हाक. उठलात का? एंटर दाबा.
आवाज काही नाही. सहाला: दुसरी हाक. उठलात का? एंटर दाबा.
मी एंटर दाबला. चौकट मिटली.
हाक म्हणजे आवाज असणार. शोधलं. 'हाका' नावाचा फोल्डर, त्यात तीन ध्वनिफिती.
जानेवारीपासून दर पाचव्या दिवशी रिकाम्या घरात हे चाललं होतं. आणि मार्चमध्ये मी घरात असून.

२४ मार्च

दोन दिवस आवाजाच्या मागे. स्पीकर मोबाइलला लावून पाहिला, वाजतो. वायर ठीक. मागचं हिरवं भोक, पिन तीनदा काढून घातली. आवाजाची पट्टी शंभरावर.
संध्याकाळी मृणालला फोन. आईची पोर, सगळं येतं तिला. "बाबा, आवाज जातोय कुठं ते बघा आधी. सेटिंगमध्ये आउटपुट लिहिलेलं असेल."
लिहिलं होतं. आवाज मॉनिटरच्या वायरीतून मॉनिटरकडे जात होता. आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत.
"अपडेटनंतर होतं असं कधी कधी," ती म्हणाली. "कधी केलेलं अपडेट?"
तारीख काढली. सु.ला दुसऱ्यांदा दाखल केलं त्या दिवशी संध्याकाळी. कपडे न्यायला घरी आलो होतो, हात रिकामे, काय करावं सुचेना. कोपऱ्यात नारिंगी ठिपका दिसला, दाबला. काहीतरी नीट केल्याचं समाधान वाटलं होतं.
वहीत नंतर सापडलं: 'अपडेट – आधी मला विचारणे. (हे तुम्हाला.)'
आउटपुट बदललं. एक क्लिक. फिती वाजवून पाहिल्या नाहीत. मृणाल म्हणाली, वाजवा ना. माउस फायलीवर नेला, हात पुढे जाईना.

२७ मार्च

अंथरुणातच पडून राहिलो. ५.५०.
"अहो. उठा. पाणी आलंय."
उशीवरून. इतक्या जवळून. मधे एक छोटा खोकला आहे.
मी उठलो. आज पाणी नाही हे मला पक्कं माहीत होतं, पाळी २९ ला. तरी अंगणात गेलो आणि नळ सोडला. आतून वारा आला, शिट्टीसारखा, आणि थांबला. मी नळ धरून उभा राहिलो.
आत आलो, एंटर दाबला. मग बसून रडलो. पहिल्यांदा नीट.

२८ मार्च

मृणाल म्हणते, "आई खोटं बोलतेय असं वाटत राहील तुम्हाला. पाचाचे आठ करा." बरोबर आहे. फाइल उघडली. तिच्या पाचाखाली माझा आठ. लिहिला, पुसला. मृणालला सांगितलं, करतो.
फितींची लांबी पाहिली. पहिली चार सेकंद, दुसरी सात. तिसरी तीन मिनिटं बारा सेकंद.
दोन हाकांना न उठणाऱ्या माणसाला तीन मिनिटं काय सांगायचं असतं?
मला माहीत आहे काय सांगायचं असणार. गुरुवारचं.

२९ मार्च

पाणी आलं. दांडग्याचा पाना. कॉम्प्युटर गप्प.

१ एप्रिल

या वेळी पहिल्या हाकेला एंटर दाबला नाही. सहाला दुसरी:
"उठताय ना? गढूळ जाऊ द्या, मग कॉक सोडा. चहा नंतर."
दुसऱ्या हाकेला मी नेहमीच उठत असे. एकतीस वर्षं. तिसरी हाक मारायची वेळ मी तिच्यावर कधी आणली नव्हती, त्या गुरुवारपर्यंत. त्या गुरुवारी हाक मारायला ती नव्हती.
एंटर दाबला. भीतीनंच.
खिडकीपाशी दांडगे उभा. हातात ब्रश, तोंडाला फेस. "सर... काकूंचा आवाज व्हता ना ह्यो?"
व्हय म्हटलं. कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलाय.
त्यानं फेस थुंकला. म्हणाला, "माझ्या बापाचा नाय ठिवला कुणी. लई शिव्या द्यायचा. त्या तरी ठिवायच्या व्हत्या."

३ एप्रिल

मृणाल: "बाबा, फाइल उघडून ऐका. नाहीतर मला पाठवा, मी ऐकते आधी."
नाही म्हटलं. आवाज चढला माझा. तिनं क्रम लावलाय. न उठलेल्या माणसासाठी आहे ती. उघडून ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडणं.
मृणाल म्हणाली, "तुमच्याच नावचं आहे ते."
फोन ठेवल्यावर कॅलेंडर घेऊन बसलो. सु.च्या पाचानं पुढची तारीख ६. पाण्याच्या आठानं, २९ पासून मोजलं तर, तीही ६. तीनदा मोजलं.
म्हणजे तेरवा ती खरं बोलेल. तोपर्यंत आकडा बदलत नाही.

५ एप्रिल

दांडग्याला सांगितलं, उद्या पाना वाजवू नको.
"आन् उठला नाय तर? आठ दिस कोरडे जातील, सर."
उठेन म्हटलं.

६ एप्रिल

५.५०. "अहो. उठा. पाणी आलंय."
अंगणात जाऊन नळ सोडला. आधी वारा. मग खळखळ, तांबूस, मग जोरात. खरंच आलं. मी मोठ्यानं म्हणालो, आलंय गं.
गढूळ जाऊ दिलं. सहाला खिडकीतून दुसरी हाक ऐकली. उठताय ना. पाणी निवळलं, कॉक सोडला. हौदात पडतंय, इथपर्यंत ऐकू येतं, डाव्या कानाला. केस धुवायला पुरेल इतकं पडेल.
ओल्या हातांनी येऊन बसलोय, वही मांडीवर. चौकट उघडी आहे: उठलात का? एंटर दाबा. सहा वाजून आठ मिनिटं. सहा-दहाला तिसरी.
दांडगे फाटकाशी येऊन उभा राहिलाय, आत येत नाही.
कॉक सोडलाय, सु. चहा नंतर. सगळं तू सांगितलंस तसं केलंय.
मी उठलोय. फक्त तिला कळवलेलं नाही.