बंदराच्या मालिकेचा शेवट आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा टीव्हीदुरुस्ती, हा कागद माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात कोणत्या वाहिनीवर कोणत्या वारी काय लागले होते ते मी अजून न अडखळता सांगतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "लिहायचंच आहे तर अक्षर तरी नीट काढा." जेवण जाते, झोप लागते, मन समाधानी आहे. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक सौभाग्यवतींची, त्यांच्यामागे मुलीची. यात भांडण्यासारखे काही नाही, म्हणून पुढे जातो.

कलम २. दुकान मुलीला, पण एका अटीवर. दुरुस्त झालेला टीव्ही मालिकेचा एक अख्खा भाग न बिघडता चालला, तरच तो गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. दर गुरुवारी संध्याकाळी सातला मी स्टुलावर बसून ही परीक्षा घेत असे. मग समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर डोकावू लागला, त्याच्यामागून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि नंतर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका. अशी आमची बैठक जमली, ती आजतागायत. बैठकीतली दोन माणसे जरी शिल्लक असतील, तरी गुरुवारी सातला शटर वर गेलेच पाहिजे. भाग चालू असताना बोलायचे नाही, जाहिरातीत हवे ते बोलावे, आणि भाग संपल्यावर आधी एक तरी चांगली गोष्ट सांगून मग शिव्या द्याव्यात. हा शेवटचा नियम खास कंपाउंडरसाठी केला होता. तो त्याने एकदाही पाळलेला नाही.

कलम ३. बैठकीतली मते लिहिलेल्या सतरा वह्याही मुलीलाच. ती एका वाहिनीत, कोणता कार्यक्रम किती वाजता लावायचा हे ठरवणाऱ्या खात्यात नोकरीला आहे. त्यामुळे बैठकीने तिला फितूर ठरवले आहे. आठवड्यातून एकदा लागणारी एक चांगली मालिका तिच्या वाहिनीने रोज केली, तेव्हा कंपाउंडरने तिला दारातच धरले.

"काय गं, गोष्ट वाढली, की नुसतं पाणी वाढलं?"

"काका, ते शोरनरला विचारा."

"तो कोण आणखी?"

"ज्याच्या डोक्यातून मालिका निघते आणि ज्याच्या हुकमाने चालते, तो."

"मग त्याला म्हणावं, तुझी नायिका तीन आठवडे जिना उतरतेय. गुडघे धरले असतील बिचारीचे."

मुलगी हसत सुटली. पुढच्याच आठवड्यात नायिका खाली पोचली. योगायोग असेल, पण कंपाउंडर ते श्रेय अजून घेतो. कार्यक्रमांच्या वेळा ठरवण्यापूर्वी मुलीने या वह्या चाळाव्यात, एवढीच बापाची इच्छा.

कलम ४. शिक्षिकाबाईंशी माझा जुना वाद आहे. कॅमेरा शांत उभा राहावा, माणसाला आपले वाक्य पुरे करू द्यावे, हे माझे मत. त्यांना एकच चेहरा धाडधाड आवाजात तीनदा दाखवलेला आवडतो. "निदान डुलकी तरी लागत नाही," म्हणतात. हे मी सोसले. पण पुढच्या भागात काय होणार ते वर्तमानपत्रात वाचून जिन्यात मोठ्याने सांगणे मी सोसणार नाही. माझ्या संग्रहातल्या तेरा भागांच्या रहस्यमालिकेचे पहिले बारा भाग त्यांना द्यावेत. तेरावा मुद्दाम वगळावा.

कलम ५. मल्टीमीटर, सोल्डरिंग गन आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला. तो माझ्या गिऱ्हाइकांना म्हणतो, "दुरुस्त कसला करताय, नवा घ्या!" निदान हत्यारे हातात धरून बघेल.

कलम ६. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

एकोणीस वर्षांपूर्वी बंदराची मालिका संपली. दीपगृहावर काम करणारी एक बाई, समुद्रावर गेलेल्या धाकट्या भावाची वाट पाहणारी. दोन वर्षे, आठवड्याला एक भाग. वहिनींचा त्या मालिकेवर फार जीव. शेवटच्या भागाच्या वेळी त्या इस्पितळात होत्या, कंपाउंडर त्यांच्याजवळ. तो मला म्हणाला, "तू नीट बघ आणि उद्या येऊन सांग. तिला ऐकायचंय."

शिक्षिकाबाई बहिणीकडे गेल्या होत्या. बघायला मी आणि सौभाग्यवती, दोघेच. त्या म्हणाल्या, "आजच्या दिवस आपला घरचा टीव्ही लावा." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. दुपारीच दुरुस्त केलेला एक मोठा टीव्ही लावला. शेवटची आठ मिनिटे उरली असताना चित्राची एक आडवी रेघ झाली आणि ती रेघही गेली. घरी धावलो, टीव्ही लावला, तोवर पडद्यावर नावे सरकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात गेलो. खरे तेच सांगायचे ठरवले होते. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. "सांगा भावजी, आला का तो?"

माझ्या तोंडून निघाले, "आला."

मग पुढचे सांगणे भागच होते. पहाटेची होडी सांगितली, दीपगृहाच्या पायऱ्या सांगितल्या. बहीण दार उघडते आणि आधी ओल्या बुटांवरून त्याला झापते, हेही सांगितले. वहिनी खळखळून हसल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, मी म्हणत होते ना, आधी रागावेल ती!" चार दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हापासून कंपाउंडर प्रत्येक शोरनरला त्याच शेवटाच्या मापाने मोजतो. "बुटांवरून झापते! असं सुचायला माणूस लागतो," म्हणतो. मी एकोणीस वर्षे मान डोलावतो आहे. तो शेवट कोणी लिहिलेला नाही. तो मी बनवला.

वाहिनीने ती मालिका पुन्हा दाखवली नाही. गेल्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कपाटात शेवटच्या भागाची कॅसेट निघाली. मी पाहिली. तिच्यात काय आहे ते इथे लिहीत नाही, कारण कंपाउंडर कोणताही कागद वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय सही करत नाही. ती कॅसेट आणि ती चालवणारा प्लेअर मी कंपाउंडरला देतो.

कलम ७. इथे एक अडचण आहे. मुलगी सांगते, की मृत्युपत्राने ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली तर त्याचे मिळणे रद्द होते. साक्षीदार म्हणून मी कंपाउंडरला केव्हाच शब्द दिला आहे, आणि त्याला न विचारता तो मागे घेणार नाही. तेव्हा त्यानेच ठरवावे. कॅसेट हवी असेल तर सही करू नये, चष्म्याच्या दुकानाचे मालक करतील. सही केली तर कॅसेट मुलीकडे जाईल आणि कंपाउंडर आहे तोवर तिने ती कोणाला दाखवू नये.

मित्रा, तुझ्या बायकोच्या उशाशी बसून मी खोटे बोललो. त्याबद्दल मला माफ कर. त्या हसल्या, याचे मात्र मला आजही वाईट वाटत नाही.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : महिन्याचा दुसरा गुरुवार, संध्याकाळी पाच

(सही) टीव्ही मेकॅनिक

साक्षीदार क्र. १ : (सही) दवाखान्याचे डॉक्टर

साक्षीदार क्र. २ : सर्व कलमे वाचली. सहावे दोनदा वाचले. बंदराच्या मालिकेचे मधले भाग रटाळ होते, हे माझे मत कायम आहे. पण ही ज्या शेवटावर हसली, तो मी बदलून घेणार नाही.

(सही) कंपाउंडर