तिचा रेडिओ चालू होता

प्रिय मैने,

वरचा 'प्रिय' हाताच्या सवयीने पडला आहे, त्यावर जाऊ नकोस.

गेल्या आठवड्यात तू त्या नवीन जोडप्याला घेऊन आमच्या बोटीवर आलीस. न विचारता, नेहमीसारखी, धक्क्यावरूनच "आहेस का गं घरात?" असं ओरडत. शिडाच्या बोटीवर राहणाऱ्यांकडे कुणीही कधीही यावं, हे मान्य. पण म्हणून आमचं प्रदर्शन मांडायचं? "हेच ते, ज्यांच्या अंगावर डोलकाठी पडली," असं तू सांगत होतीस आणि हे डाव्या हाताने चहाचे मग पुढे करत होते. उजवा खांद्याच्या वर जात नाही, हे तू त्या बाईच्या कानात सांगितलंस, पण आम्हाला ऐकू येईल अशा बेताने. मग तुझी ठरलेली गोष्ट: वारा कसा उसळला, तुमचा रेडिओ नेमका कसा मुका झाला, तुमच्या मागोमाग निघालेले आम्ही आलोच नाही हे बंदरात कळल्यावर तू कशी धाय मोकलून रडलीस. रडतेसही छान. त्या बाईने रुमाल काढला, तोही तुझ्यासाठी.

ती गोष्ट मीही इतकी वर्षं गिळली. का नाही गिळणार? आपल्या बोटी शेजारी-शेजारी बांधलेल्या. तुझं मीठ संपलं की माझ्या कठड्यावरून तुझा हात आत. तुझ्या लेकीला पोहायला मी शिकवलं. शिडं शिवणं हा माझा धंदा, पण तुझी शिडं शिवताना तो धंदा नव्हता. लोकांना आपण सख्ख्या बहिणी वाटायचो आणि तू ते खोडून काढायची नाहीस.

त्या दिवशी आमची डोलकाठी मोडली तेव्हा तुमचं शीड मला समोर दिसत होतं. मी हातातल्या छोट्या रेडिओवर ओरडले, "मैने, मागे फिरा! ह्यांना लागलंय!" उत्तर नाही. ह्यांना कसंबसं खाली केबिनमध्ये निजवून, रेडिओ उशाशी टाकून मी वर धावले, कारण पाण्यात लोंबणारी काठी बोटीवर धडका देत होती आणि दोर कापले नसते तर बूड फुटलं असतं. कापता कापता मान वर केली की तुमचं शीड आणखी लहान झालेलं दिसायचं. शेवटी मासेमारीच्या एका बोटीने आम्हाला ओढत आणलं. लवकर आणलं असतं तर हात पुरता बरा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. तू तेव्हा खाटेशी उभी होतीस, फुलं घेऊन.

पाहुणे गेल्यावर चहाचे मग विसळताना मी म्हटलं, बिचारीच्या मनातून तो रेडिओ काही जात नाही. हे दोराची गाठ दातांनी ओढत बसले होते. म्हणाले, "तिचा रेडिओ चालू होता."

मला आधी कळलंच नाही. "तुम्हाला काय ठाऊक?"

"तू वर गेल्यावर ती बोलली ना. आपल्याशी नाही, बंदराशी. धक्क्यालगतची जागा आमच्यासाठी धरून ठेवा, मागून गर्दी येतेय, म्हणाली."

मी मोठ्याने विचारलं, इतकी वर्षं तोंड शिवून का बसलात? तर म्हणतात, "तुला दुसरी मैत्रीण आहे कुठे?"

मैने, डोलकाठी पडली तेव्हा मी रडले नव्हते. हे ऐकलं त्या दिवशी रडले. तुझा नवरा, आमचे भावोजी, दर मोसमात न बोलावता येऊन आमच्या बोटीच्या बुडाचं शेवाळ का खरवडून देतात, आणि ह्यांच्या नजरेला नजर का देत नाहीत, तेही उमगलं. त्यांचाही राग येतो. पण त्यांना निदान लाज तरी आहे.

आता पत्राचं कारण. काल बोट-क्लबचे सेक्रेटरी आले होते. समुद्रावरच्या शेजारधर्माबद्दल मेळाव्यात तुझा सत्कार आहे म्हणे, आणि तुझ्याविषयी बोलायला तू माझं नाव सुचवलंस. "तिच्याइतकं मला कुणी ओळखत नाही," असंही म्हणालीस. अगदी खरं. मी हो म्हटलंय. हे म्हणतात, सोडून दे. मी सोडणार नाही. सत्कार नको असेल तर आजच जाऊन सांग, आणि का नको तेही स्वतःच्या तोंडाने सांग. नाहीतर तू हार घालून वर बसलेली असशील आणि माईक माझ्या हातात असेल. ह्यांना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे.

कालपर्यंत तुझीच असलेली,
शेजारीण