धाकट्याच्या तोंडची भाषा

३ नोव्हेंबर, नेकनूर
नाट्यस्पर्धेच्या भूमिका जाहीर. शोकांतिका. मरणाऱ्या थोरल्या भावाच्या भूमिकेत रविराज, धाकट्याच्या मी. अजिनाथ सर (बीडला क्लास घेतात, नाटकही तेच बसवतात) म्हणाले, रविराजचा आवाज भरदार आहे. भरदार तर एसटीचा हॉर्नही असतो. मला हेवा अजिबात वाटत नाही. हेव्यालाही माणूस तोडीचा लागतो.

५ नोव्हेंबर
सरांचा नियम : आपल्या पात्राच्या भाषेचं विश्लेषण लिहून आणल्याशिवाय तालमीत उभं राहायचं नाही. रविराज अर्धं पान खरडेल. मी असं लिहीन की सर भूमिकाच बदलतील. उद्या पहाटे पाचला सुरुवात.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
उठलो. पाचला थंडी होती.

१० नोव्हेंबर
लेख पूर्ण! थोरला फार बोलतो, म्हणून उथळ. धाकट्याचं दुःख वाढतं तशी वाक्यं आखूड होतात. भाऊ गेल्यावर तो गावकऱ्यांना एवढंच म्हणतो, 'आईला सांगू नका.' अख्खं नाटक त्यात आहे. दिवसभर ते वाक्य घरात बायकोसमोर म्हणून पाहिलं. शेवटी आई आतून ओरडली, "काय लपवायलास रे माझ्यापासून?"

१२ नोव्हेंबर, बीड
सरांनी लेख सगळ्यांपुढे वाचला. टाळ्या! रविराजनं सगळ्यात जोरात वाजवल्या. ढोंगी. सर म्हणाले, पटलं, संहितेत बदल करतो. आता बघा.

१५ नोव्हेंबर
सरांना लेख जरा जास्तच पटला. धाकट्याची खरी भाषा मौन, म्हणून माझे सगळे संवाद काढले. 'आईला सांगू नका' आता थोरला मरताना म्हणतो. माझं वाक्य! जळफळाट झाला. वर रविराज म्हणतो, "कसं म्हणायचं ते शिकव की गड्या." शिकवलं. मुद्दाम सपाट शिकवलं.

१ डिसेंबर
काल प्रयोग. त्यानं सपाट म्हटलं. सभागृह रडलं. रविराजला पदक. मी कंदील धरून उभा होतो. कंदील चांगला धरला, असं माझं मत.

परतीच्या गाडीत बायको, सुनिता, डोळे पुसत होती. म्हणाली, "तुमचं वाक्य रविराजभावजींनी लई भारी म्हणलं. तुमी घरी म्हणायचे तवा हसू यायचं."

नेकनूरपर्यंत मी काहीच बोललो नाही. भूमिका अजून अंगातून उतरली नव्हती.