माझाच टाइम स्टडी

३ मार्च, सोमवार
फॅक्टरीत मीटिंग. मोठ्या साहेबांनी पडद्यावर एकच वाक्य दाखवलं : इंडस्ट्रियल इंजिनियरची भूमिका बदलत आहे. खाली एक बाण होता, तो उजवीकडे जाता जाता पडद्याबाहेर निघून गेला होता. पंखे बनवणाऱ्या या फॅक्टरीत इंडस्ट्रियल इंजिनियर एकच, म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अभिमान वाटला. तळहातांना घाम आला, कारण एसी बंद होता.

साहेब म्हणाले, आता लाइनवर कॅमेरे बसतील. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते कॅमेरेच मोजतील. हेच काम गेली तेवीस वर्षं मी स्टॉपवॉच घेऊन करतोय. म्हणजे आता माझ्या हाताखाली कॅमेरे येणार.

निश्चय : नवं सॉफ्टवेअर रविवारी शिकून टाकायचं.

४ मार्च
हिला सांगितलं, बहुतेक प्रमोशन. हिने विचारलं, साहेब तसं म्हणाले का? म्हटलं, साहेब लोक सगळं बोलून दाखवत नसतात, शहाण्याला इशारा पुरे. त्यावर हिने कपाटातून बँकेचं पासबुक काढून बघितलं. आनंद झाला असणार.

६ मार्च
कॅमेरे बसवणारा माणूस टेप घेऊन आला होता. त्याला विचारलं, कॉम्प्युटर कुठे ठेवणार? म्हणाला, तुमच्या टेबलाच्या जागी. बरं झालं. मला लांब जायला नको.

९ मार्च, रविवार
सॉफ्टवेअरचा कोर्स चाळीस तासांचा आहे. या लोकांना वेळेची किंमत नाही. अनावश्यक भाग वगळून मी तो अकरा तासांवर आणला. सर्वांत आधी प्रस्तावना वगळली. दुसरा धडा प्रस्तावना समजली आहे असं धरून चालणारा निघाला. तिसऱ्या धड्यात डोळा लागला. डोळ्यांना विश्रांती हवीच होती.

१२ मार्च
मुख्य ऑफिसातून एक मुलगी आली आहे. माझ्या भाचीच्या वयाची. सगळे तिला लॅपटॉपवाली म्हणतात. तिच्या गळ्यातल्या कार्डावर इंडस्ट्रियल इंजिनियर असंच लिहिलंय. मी प्रेमाने विचारलं, तुझं स्टॉपवॉच कुठाय? ती खूप हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. मग मीही हसलो. कॅन्टीनमध्ये जाऊन तीन ग्लास पाणी प्यालो.

१३ मार्च, सकाळी ६.१०
छातीत धडधड. चहा कडक झाला असावा. आजचा अजून घेतलेला नाही, पण कालचा असेल.

१७ मार्च, सोमवार
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, लाइनचं झालं, आता ऑफिसातल्या पदांचाही टाइम स्टडी करायचाय, सुरुवात तुमच्यापासून. लॅपटॉपवाली दोन दिवस माझ्याशेजारी बसणार आणि मी काय काय करतो, किती वेळात करतो, ते टिपणार. मी ताबडतोब हो म्हटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! खुर्ची मात्र फार डुगडुगत होती. मी उभा होतो, पण हात खुर्चीवर होता.

निश्चय : काम कसं करतात ते या पिढीला दाखवून द्यायचं.

१८ मार्च
घरी तालीम. हिच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि जेवणाच्या टेबलावर फाइली मांडल्या. फाइल उघडणे, आकडा उतरवणे, फाइल मिटणे : एकोणीस सेकंदांवरून अकरावर. ही म्हणाली, जरा दमानं घ्या की, कशाला जीव काढताय? म्हटलं, तुला या विषयातलं कळत नाही.

१९ मार्च
पहिला दिवस. कमाल केली. ज्या रिपोर्टला एरवी सकाळ जाते तो चौतीस मिनिटांत. फोन पहिल्या रिंगला उचलला. लाइनवर चालत न जाता धावत गेलो. चहा नाही, बाथरूम नाही. तिने विचारलं, तुम्ही रोज असंच काम करता? म्हटलं, रोज.

२० मार्च, संध्याकाळी ७
आज कालचाही विक्रम मोडला. पावणेअकराला दिवसाचं काम खलास. पुढे साडेपाचपर्यंत हाताची घडी घालून बसलो. तिने दोनदा विचारलं, अजून काही आहे का? दोन्ही वेळा ताठ मानेने सांगितलं, काही नाही, सगळं संपलं.

निघताना पॅकिंगच्या मावशी भेटल्या. त्या माझ्याइतक्याच जुन्या. मी स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा राहिलो की त्यांचे हात एकदम जड होतात आणि मी पाठ फिरवली की पंखे पटापट खोक्यात जातात. तेवीस वर्षं मी त्यांची ही लबाडी पकडतोय. त्यांनी विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, दिवसाचं काम सव्वादोन तासांत.

मावशींनी हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो साहेब, असं कुठं करतात का? घड्याळ लागलं की हात सावकाश चालवायचा असतो. नवीन पोरीला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो हे. तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?

कोण सांगणार? घड्याळ घेऊन मीच तर उभा असायचो.

पायावर धोंडा मारून घेतला, तोही विक्रमी वेळात. भीती वाटतेय. लिहूनच टाकतो. एसी नाही, चहा नाही, खुर्ची नाही. भीती. पन्नाशीच्या माणसाला कोण घेतं? तेही सेकंद मोजणाऱ्या?

२१ मार्च
भीती ओसरली. उपाय सापडला. आमच्या शास्त्रात प्रत्यक्ष कामाच्या वेळेवर थोडी सूट देतात, थकवा वगैरेसाठी. लॅपटॉपवालीला मेल केली की माझ्या पदाला विचार करण्यासाठी रोज तीन तास धरावेत. तिचं लगेच उत्तर आलं, फारच आदराने : सर, विचार करताना तुम्ही नेमकं काय करता? म्हणजे मोजता येईल. मी लिहिलं, खिडकीबाहेर बघतो. मेल गेल्यावर वाटलं, वेगळं काहीतरी लिहायला हवं होतं.

२४ मार्च
साहेब जिन्यात भेटले. हसले. मी त्या हसण्याचा दिवसभर अभ्यास केला. अनुकूल वाटतंय. रात्रीचं जेवण गेलं नाही, पण हवाच बदलली आहे.

२८ मार्च, शुक्रवार
रिपोर्ट हातात मिळाला. पहिल्या पानावर लिहिलंय : कामाचा वेग अपवादात्मक. तीनदा वाचलं. मग पान उलटलं. या पदाचं रोजचं काम दोन तास अकरा मिनिटं. ते लॅपटॉपवालीच्या कामात जोडण्यात येत आहे. पद ३० एप्रिलपासून बंद.

कागद मिळाल्याची सही केली. साहेब म्हणाले, एवढा प्रामाणिक स्टडी कुणी दिला नव्हता. आभार मानून बाहेर आलो. गेटपर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही.

घरी हिला सांगायला शब्द जुळवत होतो. प्रमोशन तूर्तास लांबणीवर, इथून सुरुवात करणार होतो. हिने पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, केव्हापर्यंत आहे नोकरी? सांगितलं. विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, तुम्ही प्रमोशनचं बोललात त्याच दिवशी. मी चिडलो. म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? माझा मी सावध झालो असतो.

म्हणाली, तुम्ही आधीच इतके घाबरला होतात.

मला वाटत होतं, ते दिसत नाही.