हातमोज्यांना नवं मार्केट

३ मार्च
परदेशी गिऱ्हाइकाचा फोन. त्यांच्या सरकारने आयात कर वाढवलाय. आपल्या हातमोज्यांची पुढची ऑर्डर रद्द. बायको म्हणाली, आता काय? म्हटलं, संकट म्हणजेच संधी. ती म्हणाली, मग ते शिलाईवरच्या बायकांना तुम्हीच सांगा. निश्चय : उद्यापासून नवं मार्केट.

४ मार्च
डोकं जड. मार्केट उद्या.

११ मार्च
पेपरात तज्ज्ञ म्हणतात, एकाच देशावर विसंबू नका. मी हे कधीपासून म्हणतोय. मनात. आज तीन देशांना सॅम्पल पाठवली. मेहुणा म्हणाला, त्यातल्या दोन ठिकाणी बाराही महिने घाम निथळतो, लोकरी अस्तराचे हातमोजे घालणार कोण? मेहुण्याला ग्लोबल व्हिजन नाही.

२९ मार्च
तिसऱ्या देशाचं उत्तर आलं. त्यांना शेजारच्या देशातून निम्म्या भावात मिळतात. दर्जा म्हणजे काय, यावर सविस्तर ईमेल लिहायला बसलो. तेवढ्यात बायकोने बायकांकडून गाडीच्या सीटचं कव्हर शिवून घेतलं. गावाबाहेर परदेशी कंपनीचा गाड्यांचा कारखाना सुरू होतोय, त्यांना लागतील म्हणे. बजावलं, आपण ब्रँड आहोत. ती बरं म्हणाली आणि दुसरं कापायला घेतलं.

१२ एप्रिल
कंपनीची माणसं आपली शिलाईची शेड बघायला येणार! यालाच गुंतवणूक म्हणतात. भिंती रंगवल्या, भाषण पाठ केलं.
दुपारी : येऊन गेली. भाषणाला वेळ नव्हता. त्यांचे साहेब ओल्या भिंतीला टेकले. बायकोने कोटावरचा डाग पुसता पुसता कव्हरांची शिवण दाखवली. साहेबांनी तिचा नंबर घेतला. माझा राहिला. घाईत असतील.

२ मे
बायको त्या कारखान्यात शिलाईची सुपरवायझर. आपल्या सगळ्या बायका तिच्याबरोबर. आपली मशिनंही कंपनीच विकत घेतेय. सहज विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले? नाही हो, म्हणाली. मग जरा वेळाने, पाठ फिरवूनच : मी विचारलं होतं तुमच्यासाठी.
बरं वाटलं. वाटलंही नाही.

१५ मे
रिकाम्या शेडमध्ये बसून विचार केला. सल्लागार व्हावं. बदलत्या व्यापारावर मार्गदर्शन. मेहुण्याला फोन केला. म्हणाला, कुणाला करणार? फोन ठेवला. दमलोय खरं तर.

१६ मे, सकाळी
बायकोची कंपनीची बस लवकर येते. म्हणाली, डबा भरता का? परिस्थितीशी जुळवून घेतलं पाहिजे, म्हणून भरला. झाकण लागेना. तिने एका हाताने लावलं. दारातून म्हणाली, वॉशिंग मशीनमधले कपडे वाळत घाला. वेळ मिळाला तर बघतो म्हटलं.
बस वळायच्या आत घातले.